वहिनीचा घटस्फोट आणि दादाची बस

माझी वहिनी गाडी चालवायला शिकवते. आमच्या भागातल्या बायका गाड्या चालवायला लागल्या त्या तिच्यामुळे, आणि बरेच पुरुष नीट चालवायला लागले तेही तिच्यामुळेच. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपाशीही एक ब्रेक असतो. त्यावर पाय ठेवून वहिनी खिडकीबाहेर बघत बसते. शिकणाऱ्याला वाटतं, हिचं लक्ष नाही. तो चुकायच्या आत गाडी थांबलेली असते. मग वहिनी शांतपणे विचारते, "आता सांगा, काय होणार होतं?"

त्याच ड्रायव्हिंग स्कूलच्या गाड्या माझा दादा सांभाळायचा. इंजिन नुसतं ऐकून दुखणं सांगेल असा कारागीर, पण डोक्यात सतत काहीतरी नवं शिजत असायचं. एकदा त्याने गाड्या धुवायचं यंत्र आणलं, त्याने दोन गाड्यांचे आरसे उपटून काढले. एकदा मित्राच्या कर्जाला जामीन राहिला आणि मित्र कुटुंबासकट गायब झाला. दोन्ही वेळा वहिनीनेच निस्तरलं. घरात तिच्या पायाखाली ब्रेक नव्हता, एवढीच अडचण.

मग बस आली.

वहिनी दुपारचे धडे संपवून परतली, तर गल्लीत एक जुनी निळी बस उभी. दादा दारात उभा राहून असा हसत होता, जणू बस त्यानेच जन्माला घातली.

"अवजड वाहनांचा वर्ग सुरू करू," तो म्हणाला. "हवा होईल आपल्या स्कूलची!"

"अहो, पैसे कुठून आणले?"

"घरावरचं कर्ज थोडं वाढवून घेतलं. तूच सही केलीस की! म्हटलं नव्हतं का, बँकेचे कागद आहेत म्हणून?"

घर दोघांच्या नावावर होतं. ड्रायव्हिंग स्कूल वहिनीच्या नावावर, आणि बस त्याने मोठ्या मनाने स्कूलच्या नावावर घेतली होती. म्हणजे दादाने घेतलेल्या बसची मालकीण वहिनी होती. बस फाटकातून आत जाईना. ती गल्लीतच राहिली. समोरच्या काकूंना भर दुपारी स्वयंपाकघरात दिवा लावावा लागू लागला, आणि त्या दिवा लावताना काय काय बोलायच्या ते आम्हाला स्पष्ट ऐकू यायचं.

वहिनीने भांडण केलं नाही. चार दिवस गप्प राहिली आणि पाचव्या दिवशी चहा पिताना म्हणाली, "अहो, मला घटस्फोट हवाय."

दादाचा कप हवेतच राहिला. "बसमुळे?"

"बस शेवटची. आधीचं सगळं तिच्यात बसलंय."

वकिलाकडे जाताना वहिनीने मला सोबत घेतलं. मी म्हटलं, "अगं, मी तुझी नणंद आहे. दुसऱ्या पार्टीची."

"म्हणूनच," ती म्हणाली. "तू सगळं त्याला सांगशील, मला वेगळं सांगावं लागणार नाही."

वकीलबाई वहिनीच्या जुन्या विद्यार्थिनी निघाल्या. वहिनी आत येताच त्या उगाचच ताठ बसल्या. दादाही न बोलावता मागोमाग आला होता. तो म्हणाला, "आमचं भांडण नाही. दोघांचं मिळून तुम्हीच बघा. ही मागेल ते मी देतो."

"मग तर तुम्हाला स्वतःचा वकील हवाच," बाई म्हणाल्या. "मी यांची. एकाच वेळी दोघांची होता येत नाही."

त्यानंतर बाईंनी जे विचारायला सुरुवात केली, त्याने आमच्या तोंडचं पाणी पळालं. खाती किती, कुठली एकट्याच्या नावावर, कुठली दोघांच्या? सह्या कुणाच्या चालतात? विमा कुणाचा, वारस कोण लावलाय? मृत्युपत्र केलंय? दादा म्हणाला, "आम्ही नुसतं वेगळं होतोय हो, मरत नाही आहोत."

घराच्या कर्जाबद्दल त्याची अगदीच भाबडी समजूत होती. घटस्फोट झाला की कर्जही आपोआप अर्धं अर्धं होईल, असं त्याला वाटत होतं.

"बँकेने तुमच्या लग्नाला कर्ज दिलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "तुम्हा दोन माणसांना दिलं होतं. न्यायालयाने तुम्हाला मोकळं केलं, तरी बँक आपणहून करणार नाही. घर ज्याच्याकडे राहील त्याने कर्ज स्वतःच्या नावावर करून घ्यायचं आणि दुसऱ्याला मोकळं केल्याचं बँकेकडून लिहून घ्यायचं. नाहीतर एकाने हप्ता चुकवला की दुसऱ्याच्या दारात माणूस येणार."

विम्याचे कागद घरी येऊन काढले. दादाच्या पॉलिसीवर वारस म्हणून आईचं नाव होतं, लग्नाआधीपासूनचं, बदलायचं राहिलेलं. वहिनीच्या पॉलिसीवरही आईचंच नाव. फॉर्म दादाने भरला होता, त्याने सवयीने तेच लिहिलं.

आई, म्हणजे वहिनीच्या सासूबाई, पलंगावर बसून हे ऐकत होती. तिचे डोळे चमकले. "म्हणजे तुम्ही दोघं गेलात की मी श्रीमंत?"

"आई!" दादा ओरडला.

"नाही रे, आपलं विचारलं. माहिती असावी माणसाला."

दादा-वहिनीला मूल नव्हतं, त्यामुळे ताब्याचा प्रश्न आला तो आईचाच. वकीलबाई म्हणाल्या, सासू कुणाकडे राहणार हे न्यायालय ठरवत नाही. आईला ते कळवलं तेव्हा ती म्हणाली, "मी ठरवते की. मी सुनेकडे राहणार. घर तो सोडतोय, मी कशाला सोडू?" दादाने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

वाटणीच्या बैठकीला दादाने एक वकीलसाहेब आणले. भारदस्त आवाज, त्याहून भारदस्त बॅग. दादाने त्यांना सगळं सांगितलं होतं, फक्त बसची हकिकत सांगायची त्याला लाज वाटली होती. त्यामुळे कागदावर 'बस, एक' एवढंच त्यांना दिसलं.

सुरुवातीलाच त्यांनी पोटगीचा विषय काढला. वहिनीची कमाई जास्त, तेव्हा आपल्या अशिलाला पोटगी मागता येईल, असं त्यांचं म्हणणं. दादा कानापर्यंत लाल झाला. "नको हो! आई दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला सांगेल!"

पोटगी गेली म्हणून वकीलसाहेब जरा दुखावले आणि भरपाईसाठी बसवर घसरले. टेबलावर हात आपटून म्हणाले, "पण बसवरचा हक्क आम्ही सोडणार नाही! कोणत्याही परिस्थितीत नाही!"

वकीलबाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला. मी रुमालात खोकले. वहिनीचा पाय टेबलाखाली जमिनीवर गच्च दाबलेला मला दिसला. तेवढ्यानेच तिचं हसू अडलं असावं.

"बस?" बाई जड आवाजात म्हणाल्या. "अवघड आहे. माझ्या अशिलांचा जीव आहे हो तिच्यावर."

"हो," वहिनी म्हणाली. आणखी शब्द काढायचा तिला धीर नव्हता.

तासभर घासाघीस झाली. शेवटी बस, तिचं वाढीव कर्ज, तिचा कर आणि विमा, सगळं दादाच्या गळ्यात पडलं. घर, त्याचं जुनं कर्ज आणि स्कूलचा फोन नंबर वहिनीकडे. घरातल्या वाट्यापोटी ती दादाला ठेवींतली रक्कम देणार. वकीलसाहेब विजयी मुद्रेने बॅग बंद करू लागले. मला वाटलं, दादा आता कपाळावर हात मारेल. पण तो हळूच मला म्हणाला, "बरं झालं. मला वाटलं होतं, ही भंगारात घालेल तिला."

न्यायालयाने विचार करायला मुदत दिली. तेवढ्या काळात बँकेने वहिनीच्या एकटीच्या कमाईचे कागद मागून मागून तिच्या नाकी नऊ आणले. नव्या खात्याचं पासबुक आलं त्या दिवशी ती स्वयंपाकघरात पाठ करून उभी होती. मी विचारलं, तर म्हणाली, "एकच नाव केवढं छोटं दिसतं गं." मी तिच्या हातातलं भांडं घेतलं आणि घासत बसले. दुसरं काय करणार?

निकालाच्या दिवशी न्यायाधीशांनी विचारलं, दोघांनी हो म्हटलं, संपलं. बाहेर पायऱ्यांवर दादा म्हणाला, "अगं, ऐक ना..."

"बोल," वहिनी म्हणाली.

दादा जागच्या जागी थांबला. लग्नापासून ती 'बोला'च म्हणत आली होती. सगळी वाटणी झाली होती, पण 'अहो' कुणाकडे जाणार हे कुठल्याच वकिलाने विचारलं नव्हतं. त्याला काय बोलायचं होतं ते तो विसरूनच गेला.

आता दादा शहराबाहेरच्या मोकळ्या मैदानावर अवजड वाहनं शिकवतो. विद्यार्थी मिळतात, कारण वहिनी पाठवते, आणि त्याबद्दलचं कमिशन तिने सहीशिक्क्यासकट लिहून घेतलंय. आई दर रविवारी मुलाकडे जाते आणि संध्याकाळी सुनेकडे येऊन सगळा वृत्तांत देते.

मागच्या आठवड्यात मी वहिनीकडे होते, तेव्हा त्याचा फोन आला. बसच्या कराची नोटीस आली होती, काय करू म्हणून विचारत होता. वहिनीने फोन खांद्याला दाबून पोळी उलटली आणि म्हणाली, "तुझ्या वकीलसाहेबांना विचार. किती भांडून मिळवून दिलीय त्यांनी तुला!"

मग फोन ठेवून माझ्याकडे वळली. "त्याला उद्या इकडे यायला सांग. कागद बघायला हवेत. पण बस घेऊन येऊ नको म्हणावं."