रेघेपर्यंत

समस्त इंद्रलोकवासीयांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, मोलॅरिटी (म्हणजे द्रावण किती तीव्र आहे त्याचं माप) मला मोरी साफ करायचं पाणी विकणाऱ्या माणसाने शिकवली आणि त्याचं नाव विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.

दर रविवारी तो आमच्या इंद्रलोक बिल्डिंगच्या आवारात येतो आणि कॉस्टिक सोड्याचं पाणी तिथेच बनवतो. त्याच्या निळ्या बादलीला आतून एक लिटरची रेघ आहे. आधी थोडं पाणी, मग हळूहळू सोडा, ढवळायला बांबूची काठी. बादली तापते. मग ताप बघावा तसं बाहेरून मनगट लावून तो नुसता थांबतो. पाणी निवलं की रेघेपर्यंत भरतो.

त्या रविवारी माझी मुलगी शेजारच्या बाकावर बसून दुसऱ्या दिवशीच्या बारावीच्या प्रॅक्टिकलची उजळणी करत होती. सराव परीक्षेत द्रावण बनवण्यातच तिचे मार्क गेले होते.

"सोपं आहे," मी बी.एस्सी.च्या थाटात म्हणालो. "चाळीस ग्रॅम कॉस्टिक घ्यायचं, त्यात एक लिटर पाणी ओतायचं. झालं एक मोलर."

"न्हाय साहेब," तो मनगट न हलवता म्हणाला. "एक लिटर पानी न्हाय, सगला मिलून एक लिटर. आनि निवू द्या आधी. गरम भरला तर मंग रेघेच्या खाली उतरतो."

पदवी घेऊन मला तीस वर्षं झाली, पण निवण्यासाठी मी कधी थांबलो नव्हतो.

मुलीने वही मिटली आणि सगळ्या आवाराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "पप्पा, सराव परीक्षेच्या आधी पण तुम्हीच शिकवलं होतं ना?"