ताडकळस रस्त्यावरची मोराची पाटी

मंडळी, आज डोकं लय फिरलंय.

ताडकळस रस्त्यावरच्या लॉजची जुनी पत्र्याची पाटी आठवते ना? निळ्या रंगावर पांढरा मोर आणि खाली वळणदार अक्षरं. माझ्या वडिलांनी रंगवली होती ती. आज सकाळी बसमधून बघते तर तिथं फ्लेक्स लागलाय.

तिथंच उतरले आणि लॉजच्या मालकांना विचारलं, "काका, जुनी पाटी कुठाय?"

"मागं गोठ्याला ठोकलीय. नेतीस तर ने, पण म्हशीला दुसरा पत्रा आणून दे."

दिला आणून. पाटी काढली तर खिळा नेमका मोराच्या डोळ्यात ठोकलेला.

टेम्पोत घालून घरी आणली. वडील म्हणाले, "ही कशाला आणलीस? ठेवायची कुठं?" आणि दुपारपासून तिच्यापुढंच बसलेत.

तुमच्या गावातल्या रंगवलेल्या पाट्या कुठं गेल्यात, जरा बघून सांगता का?