भोकाचं नाणं

"हात लावू नका हां कुणी. महारोग्यांचं आहे."

काका हसत म्हणाले. जर्मनीत स्टुटगार्टच्या आमच्या मराठी मंडळातले ते सगळ्यांत जुने. नाण्यांचा नाद. जेवणं होत आली की डबा उघडतात. हे पितळी नाणं त्यांना फ्लोमार्क्टमध्ये, म्हणजे इथल्या जुन्या बाजारात, मिळालं. कुणा मिशनवाल्याच्या घरातलं असावं. म्हणाले, कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत हेच चालायचं, बाहेरचा पैसा आत नाही, आतला बाहेर नाही. "भोक पाडलंय ते चटकन ओळखू यावं म्हणून."

नाणं हातोहात फिरत आलं, मी हातात घेऊन बघितलं. वर दिव्याची खूण. आमच्याच वसाहतीचं.

काकूंनी सॅनिटायझर आणला. सगळ्यांनी हात पुढे केले. मीही केले. चोळलेसुद्धा. एवढी हरामखोर मी.

मी त्या वसाहतीत जन्मले. आईला बोटं नव्हती, नाणं चिमटीत यायचं नाही. ती सुतळीत ओवून मनगटाला बांधून घ्यायची. मला वाटायचं, पैसा असाच असतो, भोकाचा. आठ वर्षांची असताना तसलंच एक नाणं घेऊन बाहेर गावात गेले. लिमलेटच्या गोळ्या मागितल्या. दुकानदाराने नाणं बघितलं. बरणी बंद केली. काठीने नाणं गटारात ढकललं आणि मी टेकले होते ती फळी धुऊन काढली. "परत दिसलीस तर तंगडी मोडीन." मी गटारात हात घालून नाणं काढलं. आईला सांगितलं, खेळताना पडलं होतं.

खोटं बोलायला मी तिथे शिकले. मग शिकतच गेले. सासरी, नवऱ्यालाही सांगितलं, स्टोव्हचा भडका झाला, आईचे हात भाजले. आई बरी होऊन तीस वर्षं झाली, तरी तिला बजावलं, व्हिडिओ कॉलवर हात खाली ठेव. ती पदराखाली हात घेऊन बोलते. इकडे ये, असं मी एकदाही म्हटलं नाही.

"काय जिणं असेल नाही एकेकाचं," काकू म्हणाल्या आणि बासुंदी वाढायला लागल्या.

"काका, ते भोक ओवायला असतं," मी म्हटलं. "माझ्या आईला बोटं नाहीत. ती मनगटाला बांधायची."

काकूंनी माझ्या वाटीकडे बघितलं. नवरा माझ्याकडे बघत राहिला. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने जर्मनमध्ये विचारलं, मग तो स्टोव्ह?

"स्टोव्ह खोटा होता."

"अगं, आम्हाला काय माहीत," काकू पुटपुटल्या. माहीत असतं तर काय केलं असतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी आईला कॉल केला. म्हटलं, हात वर घे. ती नको नको म्हणाली. "घे म्हणते ना." तिने घेतले. मुलीने नीट बघितले.

आईच्या व्हिसाचे कागद मी भरलेत. गणपतीला ती इथे असेल. मंडळाच्या पंगतीत बसेल, सगळ्यांच्या वाट्यांतल्याच एका वाटीत बासुंदी घेईल, स्वतःच्या हाताने जेवेल. ज्याला उठायचं त्याने खुशाल उठावं. तिचे हात आता खाली जाणार नाहीत.