गाऊनवरची ओढणी

चिंचवडहून निघाले त्या सकाळी आई गाडीपर्यंत आलीच नाही. दारातच हातावर दही ठेवून म्हणाली, "तू नीघ. मी गाऊनवर आहे, खाली सोसायटीतली माणसं आहेत." गाडी वळताना मी वर पाहिलं, तर स्वयंपाकघराच्या खिडकीत नुसता तिचा हात हलत होता. त्याचा राग मला जर्मनीतल्या रेगेन्सबर्गपर्यंत पुरला, पुढेही बरीच वर्षं.

इथे नवऱ्याची नोकरी कारच्या कारखान्यात, माझी पुण्यातच सुटलेली. बेल वाजली की आईसारखी गाऊनवर ओढणी टाकून दार उघडायची सवय मला कधी लागली, कळलंच नाही. पार्सल देणाऱ्याला त्याचं काय? पण हात खुंटीकडे जातोच.

वरच्या मजल्यावर आबेना राहते. घानाची आहे, बायकांची पोर्ट्रेट्स रंगवते, त्यांच्याच घरात, हातात काम असताना. माझ्याकडे ठेवलेलं तिचं पार्सल न्यायला आली, मी गाऊन-ओढणीतच होते, तेव्हा म्हणाली, "तुझं चित्र काढू?" ठरलेल्या दिवशी मी ओटा घासून लख्ख केला, पैठणी नेसले, नथसुद्धा घातली. दारातच ती हसली. "छान आहे. पण मला त्या दिवशी जिने दार उघडलं ती हवी आहे."

मी फुरंगटून कपडे बदलले. चार रविवार तिच्यासमोर कणीक मळली.

प्रदर्शनात ते चित्र पाहिलं आणि माझे पाय जागीच थांबले. माणसाहून उंच. फिकट गाऊन, पीठ लागलेली ओढणी, आणि मी अशी उभी, की समोरची अनोळखी माणसं आवाज खाली आणून बोलत होती. हे सगळं माझ्यात होतं? सोबत आलेली लेक कुजबुजली, "माम्मा, दास इस्ट आज्जी." ही तर आज्जी. खरंच, मान आईची होती, उभं राहणंही तिचंच. जिला आम्ही कधी नीट पाहिलं नाही, आणि जिने पाहूही दिलं नाही, ती आई. मला रडू आलं.

तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. "बाबांना देते," आई नेहमीसारखी म्हणाली, "मी गाऊनवर आहे."

"मीपण," म्हणत मी कॅमेरा चित्राकडे वळवला.

आईने चित्र नीट पाहिलं. मग तिने फोन स्वतःसमोर धरला. ओढणी घ्यायला उठली नाही.

त्या सकाळी गाडीपर्यंत न आलेली माझी आई तेव्हा आली. घर म्हटलं की आता मला चिंचवडही आठवत नाही आणि रेगेन्सबर्गही. फोनच्या पडद्यावरची, विस्कटलेल्या केसांची, सरळ माझ्याकडे बघणारी ती बाई आठवते.