कीस आणि फोड

"कीस नको डॉक्टर, फोड पाठवा."

"गाठ म्हणाला होतात ना?" खाटेवरचा नवरा दचकला. "आता हा फोड कुठून आला?"

"तो फोड नव्हे हो. ती फोड. पेरूची असते तशी." मावशीनं त्याला गप्प केलं आणि पुन्हा सर्जनकडे वळली. "अख्खी काढा. बुडासकट."

"मावशी, ऑपरेशन आहे, स्वयंपाक नाही."

"ते तुम्हाला ठाऊक. माझ्या टेबलावर काय येतं तेवढंच मी सांगते."

मावशीच्या टेबलावर बरण्या येतात. त्याच रुग्णालयाच्या तपासणी विभागात ती बावीस वर्षं आहे. माणसाच्या अंगातून जे कापून निघेल ते फॉर्मॅलीनमध्ये बुडून तिच्यापुढे हजर. नंबर जुळवायचा, तुकडा मापायचा आणि कापायला पॅथॉलॉजीच्या बाईंपुढे सरकवायचा. शिक्षण सातवी, तेही ढकलगाडीनं. पण नुसता तुकडा बघून सर्जनला त्या दिवशी घाई होती का नव्हती हे ती सांगते, आणि सहसा चुकत नाही. सगळे तिला बरणीमावशी म्हणतात.

आता बरणीत जायची पाळी घरच्या मालाची होती.

नवरा कापड रंगवायच्या कारखान्यात. तीस वर्षं रंगाच्या हौदावर. लघवी लाल यायला लागली तेव्हा त्यानं ते रंगावर ढकललं. "लाल लॉट चाललाय," म्हणाला. दुखत नव्हतं, म्हणून विषय तिथंच मिटला. दोन महिन्यांनी त्याच्या बनियनवरचे शिंतोडे धुता धुता मावशी थांबली. "अहो, लॉट निळा चाललाय आणि तुम्ही अजून लालच मुतताय?" दुसऱ्या दिवशी तिनं रंगाऱ्याला रुग्णालयात आणलं. दुर्बीण घातली तर मूत्राशयात द्राक्षाएवढी गाठ.

गाठ अस्तरातच असली तर काढली की बऱ्यापैकी सुटका. खालच्या स्नायूत मूळ शिरलं असलं तर मूत्राशयच काढायचं आणि बहुतेक जन्मभर पोटाला पिशवी बांधून हिंडायचं. मामला एवढाच होता.

नेहमीच्या तऱ्हेत लघवीच्या वाटेनं नळी घालतात आणि विजेच्या तारेनं गाठ खरवडून काढतात. बरणीच्या तळाला कीस साचतो. त्यात वरचं कुठलं, खालचं कुठलं, ब्रह्मदेवालाही सांगता येऊ नये. बाई वैतागतात आणि लिहितात, 'नमुन्यात स्नायू नाही.' म्हणजे मूळ कुठवर गेलं ते कळलंच नाही. मग महिनाभरानं तोच माणूस पुन्हा टेबलावर, आणि तेच नाव पुन्हा मावशीच्या वहीत. दुसऱ्या तऱ्हेत गाठीभोवती रिंगण आखून, खालच्या स्नायूच्या पापुद्र्यासकट ती एकसंध उचलतात. हा सर्जन तसंही करायचा, पण मनात आलं तर.

"खरवडलं तरी तळाचा तुकडा मी वेगळा पाठवतोच की," सर्जन म्हणाला.

"पाठवता. सोमवारचा राहिला."

सर्जननं कान खाजवला. "किती कीस पाडाल हो, मावशी!"

"मी शब्दाचा पाडते. तुम्ही नवऱ्याचा पाडू नका."

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा हसला आणि टाके दुखले म्हणून विव्हळला.

"ऐका," सर्जन खाटेवर टेकला. "द्राक्ष आहे म्हणून जमेल. लिंबू असतं तर त्या वाटेनं अख्खं बाहेर आलंच नसतं. जागा अवघड निघाली तर खरवडणार. आणि पुन्हा उगवायचं ते दोन्ही तऱ्हांत उगवू शकतं. तो भरवसा माझ्याकडे मागू नका."

"नाही मागत. मला मूळ दिसलं पाहिजे."

"मूत्राशय माझं आहे," नवरा म्हणाला. "मला विचारा की कुणीतरी."

"तुम्ही आधी लाल-निळं ओळखायला शिका."

ऑपरेशनच्या दिवशी मावशीनं बुचाची पाटी आणि टाचण्या थिएटरच्या दारात नेऊन दिल्या. "सिस्टर, तुकडा बरणीत टाकायच्या आधी यावर टाचा. नुसता टाकला की वाळल्या सालीसारखा वळतो."

"बाकीचं ऑपरेशनही तुम्हीच उरका ना, मावशी."

"वेळ असता तर उरकलं असतं," म्हणून ती खाली कामावर आली.

अकराला बरणी आली. पाटीवर एकच तुकडा, आठ टाचण्यांनी चारी बाजूंनी ताणलेला. मावशीनं पट्टी लावली. तेवढ्यात बाईंनी नंबर बघितला.

"हे राहू द्या, मावशी. घरचं आहे. मी करते."

"मापलंय. एकोणीस मिलिमीटर," मावशी म्हणाली आणि बाजूला झाली.

तीन दिवस तिनं बाकीच्या बरण्या मापल्या. चौथ्या दिवशी सकाळी बाईंनी सूक्ष्मदर्शकावरून मान वर न करताच हाक मारली.

"स्नायू आलाय."

मावशी हात पुसत उभी राहिली.

"स्वच्छ आहे. मूळ अस्तर सोडून खाली उतरलेलं नाही."

"कडा?"

"कडाही. पण तीन महिन्यांनी दुर्बीण आहे, ती चुकवायची नाही. आणि त्यांना पुन्हा रंगाच्या हौदावर पाठवू नका, त्या रसायनांनीही अशा गाठी धरतात."

"म्हणजे घरी बसून माझं डोकं खाणार."

"खाऊ द्या. फोन करा त्यांना, जा."

"झोपले असतील. जेवणाच्या सुट्टीत करते." मावशीनं हातमोजे चढवले. पित्ताशयाच्या एका बरणीचं झाकण घट्ट बसलं होतं. तिनं बरणी काखेत धरली, बुडावर तळव्याचा एक ठोसा दिला आणि झाकण फिरवायला घेतलं.