उडव्या आणि छपरं

२०१६ साली मी डहाणूत एका खोलीत बसून जगभरातल्या माणसांचा नकाशा करत होते. कुठे किती दाटी, कुठे किती विरळ. जनगणनेतून गावाचा एकूण आकडा मिळायचा आणि तो उपग्रहाच्या फोटोत दिसणाऱ्या छपरांवर वाटायचा. ज्या चौकोनात छप्पर नाही, तो कोरा.

तलासरीचा भाग माझ्या वाट्याला आला, कारण मी वेवजीची. मुंबईहून आलेली पोरं शेतातल्या उडव्यांनाही घरं समजायची. पेंढ्याचे गोल ढीग ते, आणि हे त्यात माणसं भरणार! मी त्यांना पोट धरून हसले. मग नाकाने कांदे सोलत वेवजीच्या शेतांत त्यांनी घरं म्हणून टाकलेले सगळे ठिपके स्वतः पुसले. नकाशा पुढे रवाना झाला. आता त्यात बदल होणार नव्हता.

आणि मला चैन पडेना. फोटोत, पुसलेल्या एका ठिपक्याकडे पायवाट जात होती, चांगली मळलेली. उडवीकडे रोज कोण जातं? जेवताना तेच, रिक्षात तेच. कोणी नीट बोललं तरी मी खेकसत होते. शेवटी रविवारी सकाळी उठले आणि गाव गाठलं.

वाट मावशीच्या दारात संपली. मावशी विधवा. इतकी वर्षं दिराच्या घरात राबली, बोलणी खाल्ली आणि आदल्या वर्षी शेतात राहायला गेली, हे आईने मला सांगितलं होतं. शेतात म्हणजे नेमकं कुठे, हे मी विचारलंच नव्हतं. कुडाची झोपडी, वर पेंढा, बाजूला उडवी. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"वेगळी चूल मांडली बघ," मावशी म्हणाली. "तू नकाशा करतेस ना? त्यात माझं घर दाखव."

थाप मारता आली असती. पण मला ती कधी जमली नाही.

"मीच पुसलं, मावशी. उडवी वाटली."

ती खळखळून हसली. "पेंढा तो पेंढाच. मग मला धरलं कुठे?"

"पाड्यावरच्या घरांत."

"म्हणजे दिराच्या?"

"हो. त्यातच."

तिचं हसू गेलं. चुलीपुढची लाकडं तिने उगाचच मागेपुढे केली.

"मला काढ तिथून," ती म्हणाली. "कुठेच नको दाखवूस. पण त्या घरात नको."