खारट भिंत

कराडच्या आमच्या जुन्या घरात आभाळ नुसते भरून आले तरी माजघराची भिंत ओली होई. तिच्याजवळ माझे पाण्याचे हंडे होते. “सूनबाई पाणी सांडते,” असे सासूबाईंनी भिंत पाहायला आलेल्या म्हाताऱ्या गवंड्यालाही सांगितले.

तापलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवावा, तसा त्या वृद्धाने भिंतीवरून तळहात फिरवला. मग एक पोपडा जिभेवर ठेवला.

“हितं आदी मिठाची पोती हुती का?”

“होती. आधीचे मालक मीठच विकायचे,” सासूबाई म्हणाल्या.

“मग आवं आईसाहेब, सुनंला कशापायी बोल लावताय? मीठ भितीत मुरलंय. हवंतलं पाणी त्येच वडतंय.”

माझे डोळे भरून आले. त्याचे नाव विचारण्याचेही मला सुचले नाही.

त्याने चूळ भरायला पाणी मागितले. सासूबाई स्वतः उठल्या आणि माझ्याच हंड्यातून तांब्या भरून घेऊन आल्या.